दोन ब्रेकची गाडी

४ फेब्रुवारी

ताई,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून मेल लिहितोय. इथं तरी तुला मधेच "ते सोड, मुद्द्याचं बोल" असं म्हणता येणार नाही. मुद्दा शेवटी येईल. तोवर सगळं वाचावं लागेल.

बाबांची गाडी त्या जुन्या गाड्यांच्या साइटवर टाकून आज तेवीस दिवस झाले. डॉक्टर काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे. काचबिंदू वाढलाय, समोरचं दिसतं पण बाजूचं दिसत नाही, तेव्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बाबा नुसतं "बरं" म्हणाले. मला तिथंच शंका यायला हवी होती. बत्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला माणूस एका शब्दात "बरं" म्हणत नसतो.

पहिल्या आठवड्यात साठ मेसेज आले. त्यातल्या एक्केचाळीस जणांनी "आहे का?" एवढंच विचारलं. मी "आहे" म्हटलं, आणि माणूस गायब. एकाला गाडीच्या बदल्यात मला त्याची मोटारसायकल आणि माशांची काचपेटी द्यायची होती. एक म्हणाला, मी परगावी आहे, पैसे लगेच पाठवतो, तुम्ही फक्त हा चौकोन स्कॅन करा. एका बाईंनी सीटचे फोटो मागवले, मग डिकीचे, मग इंजिनाचे, आणि शेवटी लिहिलं की आम्हाला गाडी नकोच आहे, आमच्याकडे अशीच आहे, तिची किंमत काय येईल ते बघत होतो. मी छापखान्यात उभ्या उभ्या हे वाचलं. मशीनवर औषधांच्या लेबलांचे चार हजार कागद उलटे छापले गेले.

पण हे सगळे परवडले. जे खरोखर घरी येतात, त्यांना बाबा नापास करतात.

तुला वाटेल मी गंमत करतोय. गिऱ्हाईक येतं, ट्रायल मागतं. बाबा शेजारच्या सीटवर बसतात. शिकवणीची गाडी, तेव्हा तिथं त्यांचा स्वतःचा ब्रेक आहेच. हातात जुन्या स्कूलचा तो छापील तक्ता आणि पेन्सिल. गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबते, कारण बाबांनी ब्रेक दाबलेला असतो. "मागच्या आरशात पाहिलंत?" गिऱ्हाईक म्हणतं, "पाहिलं की." बाबा म्हणतात, "मान हलली नाही." पुढं आणखी दोन ठिकाणी ब्रेक. परत आल्यावर शंभरपैकी मार्क सांगतात. साठला पास. आजवरचा उच्चांक बावन्न आहे. परवा एक बँकेतला गृहस्थ आला होता, एकोणीस वर्षं गाडी चालवतोय. त्याला अडतीस दिले आणि वर म्हणाले, "आणखी दहा दिवस सराव करा, मग बघू." तो माणूस माझ्याकडे असा बघत राहिला की मला त्याची माफी मागावी लागली.

मी म्हटलं, "बाबा, आपल्याला गाडी विकायचीय, लायसन्स द्यायचं नाहीये." तर म्हणाले, "विकतोय ना. पण कोणाच्याही हातात कशी देऊ?"

मुद्दा हा की तू त्यांच्याशी बोल. तुझं ऐकतात.

ठोंब्या


९ फेब्रुवारी

ठोंब्या,

पूर्ण वाचलं. एक शाळा चालवायची, नऊशे मुलं सांभाळायची आणि वर तुझी माशांची काचपेटी वाचायची.

बाबा माझं ऐकतात हे तुला कोणी सांगितलं? मी काल फोन केला. तुझं नाव न घेता विषय काढला. ते म्हणाले, "त्यानं सांगितलं वाटतं." मग मला त्या बँकेतल्या गृहस्थाने क्लचवर पाय ठेवून ठेवला त्याचे दुष्परिणाम वीस मिनिटं ऐकवले.

उपाय साधा आहे. गिऱ्हाईक यायच्या वेळी बाबांना घराबाहेर काढ. केस कापायला पाठव, नाहीतर आईबरोबर बाजारात. हे तुला सुचू नये याचं नवल वाटतं. आणि जाहिरातीत दुसऱ्या ब्रेकचा उल्लेख कशाला? लोक बिचकतात. लवकर उरक, कारण दारात गाडी उभी आहे तोवर एक ना एक दिवस ते किल्ली फिरवणार. बाजूने एखादं मूल आलं आणि त्यांना दिसलं नाही, तर जन्मभर ते आपल्यालाही निस्तरावं लागेल. मला त्या विचाराने जेवण जात नाही.

जानेवारीतली डोळ्यांची तपासणी झाली ना? त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मी सुट्टीत येणारच होते, पण परीक्षांचं वेळापत्रक बदललं. एप्रिलमध्ये नक्की.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

तपासणी झाली, सगळं ठीक आहे. आता मूळ विषयावर येतो.

ब्रेकचा उल्लेख मी केलाच नव्हता. बाबांनी केला. मी त्यांना साइटचा पासवर्ड दिला होता, तेव्हा माझी कुठली ग्रहदशा चालू होती कोण जाणे. "सुस्थितीतील गाडी, एकहाती वापर" असं मी लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून लिहिलं: "ही गाडी सुमारे अडीच हजार हातांनी वापरली आहे, त्यातले बहुतेक घाबरलेले होते. क्लच तीनदा बदलला. दाराचा रंग तिरप्या उन्हात पाहिल्यास स्कूलचं नाव अजून वाचता येतं." यावर साइटवाल्यांचा मला मेसेज आला, तुमची जाहिरात नियमाला धरून आहे का ते आम्ही तपासत आहोत.

तुझा साधा उपाय करून पाहिला. शनिवारी बाबांना केस कापायला पाठवलं. गिऱ्हाईक साडेदहाला येणार होतं, आलं पावणेबाराला. तोवर बाबा केस कापून, पेपर वाचून, परत येऊन फाटकात उभे. त्याला सत्तेचाळीस मिळाले. हा माणूस गाडी घ्यायलाच आला होता गं. पैसे खिशात होते. "तुमच्या वडिलांना मानसिक त्रास आहे का?" असं मला हळूच विचारून गेला. आणि गंमत बघ, तो गेल्यावर आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणते, "चढावर दुसऱ्यातच रेटत होता. मला इथवर ऐकू येत होतं." बत्तीस वर्षं ऐकून आईचेही कान तयार झालेत. आता मला दोघांशी लढायचंय.

आईचं पण काय चाललंय कळत नाही. सकाळी सात वाजता फोन केला तर दोघं घरात नसतात. फिरायला जातो म्हणे. सत्तरीला आलेल्या बाईने रबरी तळव्याचे पातळ बूट घेतलेत, आणि मान आखडलीय म्हणून शेक घेत असते. चालून मान कशी आखडते? विचारलं तर म्हणाली, "वय झालं." आणि हसली.

मी आठवड्यातून तीनदा छापखाना टाकून पंचवीस मिनिटं गाडी हाकत तिकडे जातो, अनोळखी माणसांची वाट बघत फाटकात उभा राहतो, आणि परत येतो. माझ्याकडे कामाचा ढीग पडलाय. माझी बायको म्हणते, तिथंच मुक्काम हलव.

ठोंब्या


२० फेब्रुवारी

ठोंब्या,

तुझ्या बायकोला माझा पाठिंबा सांग.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. मला गाडी चालवायला आवडत नाही, असं मी सगळ्यांना सांगते ना, ते खोटं आहे. एकोणिसाव्या वर्षी बाबांनी मला याच गाडीच्या आधीच्या गाडीवर तीनदा नापास केलं. तिसऱ्यांदा अठ्ठावन्न मिळाले होते. मी रडले, भांडले, म्हटलं दोन मार्कांनी काय होतं. ते म्हणाले, "दोन मार्कांनी माणूस मरतो." मी परत त्या सीटवर बसले नाही. आज पन्नाशीला टेकले आणि शाळेत जायला दुसऱ्याच्या गाडीची वाट बघते.

तेव्हा तू माझ्याकडून सहानुभूतीची अपेक्षा करू नकोस, मीही त्या रांगेतलीच आहे. पण म्हणूनच सांगते, ते बधणार नाहीत. तू बाबांना न सांगता गिऱ्हाइकाला तुझ्या छापखान्यावर बोलव आणि गाडी तिथं घेऊन जा. सोपं आहे.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

हे शांतपणे वाच. मी शांत नाहीये.

सोमवारी एक गिऱ्हाईक आलं. चौकातल्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई. छापखान्यावर गाडी न्यायचा बेत फसला, कारण किल्ली मागितल्यावर बाबा स्वतःच शेजारी येऊन बसले. असो. बाईंना एकोणसाठ मिळाले. मी बाबांच्या हातातली पेन्सिल बघत होतो, एका मार्कासाठी मी देवाचा धावा केला, पण नाही. एका वळणावर इंडिकेटर उशिरा दिला म्हणे. बाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन फोन दाखवला. जाहिरातीच्या फोटोत मीटरवर अठ्ठ्याऐंशी हजार चारशे बारा आहे. त्या दिवशी मीटर अठ्ठ्याऐंशी हजार सातशे नव्वद दाखवत होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, ट्रायलमध्ये फार तर तीस-चाळीस किलोमीटर जातात. ही गाडी कोणीतरी रोज चालवतंय."

पावणेचारशे किलोमीटर, ताई. सकाळचं फिरणं ते हे. आई बरोबर बसते आणि आपल्याला सांगत नाही. आणि मी मूर्ख, तिच्या मानेचा शेक विचारतोय.

मी बाबांना काही बोललो नाही. काय बोलू ते सांग.

ठोंब्या


२७ फेब्रुवारी, दुपारी

ठोंब्या,

काही बोलायचं नाही. दोन्ही किल्ल्या उचलायच्या आणि घरी न्यायच्या. आज. त्यांना वाईट वाटेल, आईला वाईट वाटेल, तू त्यांच्या डोळ्यांकडे बघू नकोस. आईचा मला खरा राग आलाय. त्यांची बाजू घेण्याची हीच वेळ होती का? दोघांनी मिळून आपल्याला वेड्यात काढलं. त्यांना दिसत नाही आणि हिला कळत नाही.

उचलल्यावर कळव.

ताई


३ मार्च

ताई,

उचलल्या. एक बाबांच्या खुंटीवरची, एक आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यातली. ती तिथं का होती हे मी विचारलं नाही.

मी एवढा मोठा झालो, आणि बापासमोरून किल्ली उचलून खिशात घातली. मी म्हटलं, मीटर बघितलाय मी. बाबा म्हणाले, "गुरुवारपर्यंत थांबला असतास तर बरं झालं असतं." आईने गॅस बंद केला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आईने आयुष्यात माझ्यासमोर दार लावलेलं नाही. मी येताना फाटकातून हाक मारली तर ओ दिली नाही.

गुरुवारी कोण गिऱ्हाईक आहे ते बघितलं. कोणीच नाही.

मी चुकलो का गं? तू म्हणालीस डोळ्यांकडे बघू नकोस. मी बघितलं. आणि त्यांना तर मी बाजूला उभा असल्यामुळे धड दिसतही नव्हतो.

एक सांगायचं राहिलंय. जानेवारीची तपासणी झाली असं मी लिहिलं, पण मी नेलं नव्हतं. त्या आठवड्यात मशीन बिघडलं होतं. डिसेंबरातही मला जमलं नव्हतं. त्यांचे ते गेले, असं आई म्हणाली. कसे गेले ते मी विचारलं नाही.

ठोंब्या


६ मार्च, सकाळी

ताई, किल्ल्या नाहीत. माझ्या कपाटातल्या बुटात ठेवल्या होत्या, दोन्ही गायब. बायको म्हणते काल आई येऊन गेली. आत्ता तिकडे जाऊन आलो. गाडी नाही. घराला कुलूप. बाबांचा फोन आतच वाजतोय. आज गुरुवार. तुला फोन लावतोय, उचल.


७ मार्च

चि. ताई आणि चि. ठोंब्या,

दोघांना एकच पत्र लिहिते. तुमच्या मेलवर कसं पाठवायचं ते औषधाच्या दुकानातल्या बाईंनी दाखवलं. कालपासून तुमचे मिळून बत्तीस फोन येऊन गेले. उचलले नाहीत. फोनवर ताई बोलू देत नाही.

गाडी जागेवर आहे. हे ठीक आहेत. ठोंब्या, तू लहानपणापासून सगळं बुटातच लपवतोस. प्रगतिपुस्तक, सिगरेट, आता किल्ली. मला शोधायला एक मिनिट लागलं नाही. तुझ्या बायकोने चहा दिला, छान होता.

गाडी मी चालवत होते. हे नाही. ह्यांनी डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून स्टिअरिंगला बोट लावलेलं नाही. मीटर बघितलास, तर एकदा विचारायचं होतंस की कोण चालवतं. तुम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आई चालवत असेल. मला हे लागलं, ते लिहून टाकते.

लग्नानंतर एकदा मी ह्यांना म्हटलं होतं, मला शिकवा. हे म्हणाले, तुला कशाला, मी आहे ना. मग अडीच हजार लोक शिकले, मी डबे भरले. मला त्याचं काही वाटत नव्हतं. डिसेंबरात तू येतो म्हणालास आणि आला नाहीस, तेव्हा आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो. जानेवारीतही तसंच. त्या ड्रायव्हरने इस्पितळाच्या मागच्या दाराशी सोडलं. तिथं पायरी होती, ह्यांना बाजूने दिसली नाही. पडले. गुडघा सोलला, पॅन्ट फाटली. दोन अनोळखी माणसांनी उचललं. तुम्हाला सांगायचं नाही असं हेच म्हणाले. घरी आल्यावर पॅन्ट बदलली आणि मला म्हणाले, "किल्ली आण. डावा पाय क्लचवर. चल." गुडघ्याला पट्टी होती आणि मला पहिला गिअर शिकवत होते.

रोज सकाळी सहाला जात होतो, बंद पडलेल्या गिरणीमागच्या मोकळ्या रस्त्यावर. पहिल्या आठवड्यात मी इतकी वाईट चालवली की आम्ही तीन दिवस बोलत नव्हतो. मान मागे वळवून वळवून आखडली. ह्यांना बाजूचं दिसत नाही, म्हणून मला डावं-उजवं मोठ्याने बोलावं लागतं. डावीकडे सायकल, उजवीकडे काही नाही, डावीकडे कुत्रं. ते ऐकतात आणि ब्रेकवर पाय ठेवून बसतात. त्या ब्रेकसाठीच गाडी हवी होती, दुसरी चालली नसती. म्हणून म्हणाले, मार्चपर्यंत विक्री लांबवू कशीतरी.

पण एक सांगते, ह्यांनी कोणालाही खोटं नापास केलं नाही हं. मी विचारलं होतं. म्हणाले, एक जरी साठवर गेला असता तर मी अडचणीत आलो असतो, पण लोक खरंच वाईट चालवतात.

मग जाहिरात का चालू दिली, असं तुम्ही विचाराल. ठोंब्या, तपासणीला न्यायला तुला वेळ नव्हता. गिऱ्हाइकांसाठी तू आठवड्यातून तीनदा येत होतास. फाटकात उभा राहून चिडत होतास, पण येत होतास. तू यायच्या दिवशी हे दाढी करून बसायचे. मला म्हणाले, राहू दे, विकू दे त्याला.

काल माझी लायसन्सची परीक्षा होती. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मी थांब्याच्या पाटीपाशी इतका वेळ थांबले की परीक्षकाने विचारलं, आजी, झोप लागली का. काल पास झाले. बाहेर आल्यावर ह्यांनी स्वतःचा तक्ता काढला. परीक्षा वेगळी आणि ह्यांची वेगळी. परतीच्या रस्त्यात मला एकसष्ट दिले. ताई, ते म्हणाले तुला सांग, तुझे अठ्ठावन्न अजून त्यांच्या वहीत आहेत, त्यापुढे रेघ मारलेली नाही. एप्रिलमध्ये खरंच येणार असलीस तर तुला पुढचे धडे मी देईन. ह्यांच्याइतकी कडक नाही.

आज सकाळी ह्यांनी मेकॅनिकला बोलावून तो दुसरा ब्रेक काढून टाकायला लावला. मी म्हटलं, राहू द्या महिनाभर. म्हणाले, पास झालेल्या माणसाच्या गाडीत तो ठेवत नाहीत. नंतर आम्ही पाव आणायला गेलो. वळण आलं की ह्यांचा पाय तिथं दाबला जातो. खाली आता नुसती रबरी चटई आहे. मी बघितलं नाही असं दाखवते.

ठोंब्या, ती जाहिरात काढून टाक. सोमवारी साडेनऊला ह्यांची डोळ्यांची तपासणी आहे. आम्ही सव्वाआठला निघू. तुला यायचं असलं तर ये, तुझ्या घरावरून घेईन, वाकडी वाट नाही. तू मागे बसायचंस, पट्टा लावायचास, आणि वाटेत मला काहीही सांगायचं नाहीस.

आई